दाणा फोडून बघू: आपण खातो तो बीचा नेमका कुठला भाग?

पानफुटी

हरभरे आठ-दहा तास भिजत घाला. त्यातला एक टपोरा दाणा फडक्यानं कोरडा पुसा आणि चिमटीत हलकेच दाबा. चोचीच्या बुडाशी पाण्याचा बारीक थेंब उमटतो. तिथे सुईच्या टोकाएवढं भोक आहे, ते बीजरंध्र. दाण्याचा दाणा व्हायच्या आधी, फुलात असताना, परागनलिका याच वाटेनं आत शिरलेली असते. त्याच्या शेजारचा फिकट वण म्हणजे नाभी, दाणा शेंगेला देठानं चिकटला होता ती जागा. आणि चोच? ते सालाआडून उचललं गेलेलं आदिमूळ. मोड इथूनच फुटतो.

आता साल सोला. आत दोन जाड फाका, म्हणजे दोन दलिका (शाळेच्या पुस्तकातली बीजपत्रं). हरभऱ्याची डाळ म्हणजे एकेक सुटी दलिका. फाका अलगद उघडल्या की चोचीच्या बाजूला काही मिलिमीटरचा दांडा दिसतो. एका टोकाला आदिमूळ, दुसऱ्या टोकाला दुमडलेला अंकुर. साधं भिंग धरलं तर अंकुरावरची इवली पानंसुद्धा दिसतात. डाळ भरडताना हा दांडा तुटून चुणीत जातो, म्हणून डाळीला कितीही भिजवलं तरी मोड येत नाहीत.

धागा काढायचं कारण असं की एका बीत तीन घरचा माल असतो आणि ते लक्षात आलं की स्वयंपाकघरातली निम्मी कोडी सुटतात. साल पूर्ण आईचं. बीजांडाभोवतीच्या (बीजांड म्हणजे फुलातला पुढे बी होणारा भाग) अध्यावरणांपासून, म्हणजे त्याच्या वेष्टनांपासून ते बनतं, त्यात परागाचा काडीचा वाटा नाही. गर्भ आई-बाप दोघांचा, अंडपेशी आणि एक पुंयुग्मक (परागातून आलेली नर पेशी) मिळून झालेला. तिसरा पुष्क, म्हणजे पुस्तकातला भ्रूणपोष. परागनलिकेतून येणारं दुसरं पुंयुग्मक भ्रूणकोशाच्या (बीजांडातली, अंडपेशी असते ती पिशवी) मधल्या पेशीतल्या दोन केंद्रकांना जाऊन मिळतं, त्यातून तो होतो. म्हणजे त्यात गुणसूत्रांचे आईकडचे दोन संच आणि बापाचा एक. हे दुहेरी फलन सेर्गेई नवाशिन यांनी १८९८ साली कीव्हमधे लिलीच्या कुळातल्या फुलांत दाखवलं. पुढच्याच वर्षी फ्रान्समधे गिन्यार यांनीही ते स्वतंत्रपणे दाखवलं.

फलन झालं की आधी घाई करतो तो पुष्क. फलित अंडपेशी बराच वेळ गप्प बसते आणि पुष्काची केंद्रकं भराभर वाढत जातात. गर्भ उशिरा जागा होतो. आधी गोळा, मग दलिकांचे दोन उंचवटे आले की बदामाच्या पत्त्यासारखा, मग लांबोळका. निलंबक नावाचा पेशींचा दोर त्याला पुष्कात खोल ढकलतो. पुढे दोनच शक्यता. गर्भ पुष्क खाऊन टाकतो आणि साठा आपल्या दलिकांत भरतो, किंवा पुष्क तसाच राहतो आणि रोप उगवताना कामी येतो. हरभरा, शेंगदाणा, काजू, आठळी पहिल्या गटात. भात, गहू, मका, नारळ, एरंड दुसऱ्या. शेंगवर्गातल्या सगळ्या बिया पहिल्या गटातल्या, असं ढोबळ धरायला हरकत नाही.

फोडणी

शेवटच्या वाक्यावर शंका आहे. मेथीसुद्धा शेंगेतलीच ना? हरभरा भिजवलेलं पाणी बुळबुळीत होत नाही, भिजवलेली मेथी वाटली की तार सुटते. शिवाय सब्जा, अहळीव, जवस, इसबगोल हे सगळे बुळबुळीत प्रकार एकाच कारणानं होतात का?

भिंग

फोडणी, शंका बरोबर आहे. पानफुटी, ते ‘सगळ्या’ मागे घ्या. :)

भिजलेली मेथी ब्लेडनं आडवी कापा. बाहेर पिवळट तपकिरी साल, मधे पिवळा गर्भ, आणि या दोघांच्या मधे काचेसारखा अर्धपारदर्शक थर. तो पुष्क. गॅलॅक्टोमॅनन नावाची साखळी-शर्करा त्यात ठासून भरलेली असते आणि बुळबुळ तिचीच. साल शाबूत असेल तोवर ती आत कोंडलेली राहते, वाटली की बाहेर. इडलीच्या पिठात मेथी टाकतात ती याच थरासाठी. गवारीचंही तसंच. गवारगम म्हणजे गवारीच्या बियांचा साल आणि गर्भ काढून उरलेला पुष्क, दळलेला.

बाकीच्यांचं कारण वेगळं. अहळीव आणि जवस यांत चिकट द्रव्य बीजावरणाच्या अगदी बाहेरच्या पेशींत असतं. पाणी लागलं की त्या पेशींची बाहेरची भिंत फुटते आणि मिनिटभरात दाण्याभोवती टोपडं तयार. इसबगोलाची भुसी म्हणजे तोच बाहेरचा थर दाण्यावरून सोलून काढलेला. म्हणजे अहळीव, जवस, इसबगोल यांची बुळबुळ आईकडची आणि मेथीची पुष्काकडची.

सब्जा या सगळ्यांहून निराळा. तुळशीच्या कुळात एका फुलातून चार बारकी कठीण फळं निघतात आणि आपण सब्जाचं ‘बी’ म्हणतो ते अख्खं फळ असतं. फुगतं ते फळाचं कवच, बी त्याच्या आत. चिआचंही हेच, कूळही हेच.

लावणाऱ्यांसाठी: सब्जा, तुळस, अहळीव भिजवून पेरू नका. एकमेकांना चिकटून गठ्ठा होतो आणि जेलीत बुडालेल्या बीला हवा कमी पडते. ओल्या मातीवर कोरडंच भुरभुरा, वर चाळलेल्या मातीचा नुसता हात फिरवा.

पानफुटी

मागे घेतलं. मेथी आणि गवार विसरणं हा गुन्हाच.

फळाला बी म्हणायचा विषय निघालाच आहे तर धणे, जिरे, ओवा, बडीशेप हीसुद्धा फळंच. अख्खा धणा म्हणजे दोन फळं पोटाला पोट लावून. कोथिंबीर पेरताना धणे चपलेखाली किंवा लाटण्यानं रगडून दोन भाग करतात त्याचं हेच कारण. एका धण्यातून दोन रोपं, आणि पाणीही लवकर शिरतं. जोरात मात्र रगडू नये. या कुळात गर्भ इवलासा आणि पुष्क डोंगराएवढा, त्यामुळे उगवायला मुळात आठ-बारा दिवस लागतात. गर्भच चिरडला तर वाट बघत बसावं लागेल.

माडाखाली

नारळाबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही अजून, म्हणून मी.

नारळाचे तीन डोळे म्हणजे फुलातल्या तीन किंजदलांची (स्त्रीभागाच्या कप्प्यांची) खूण. दोन कडक, एक मऊ. गर्भ मऊ डोळ्याखाली खोबऱ्यात रुतलेला असतो, लहानशा बोथट खुंटीसारखा. नारळ वाढवल्यावर तो डोळ्याखालचा पांढरा ‘कण’ पुष्कळजण काढून टाकतात, तो गर्भ. शहाळ्याचं पाणी हा द्रवरूप पुष्क. त्यात केंद्रकं मोकळी तरंगत असतात, त्यांना पेशीभिंती नसतात. पुढे भिंती पडायला लागतात त्या कवटीच्या कडेकडून, आणि त्याचं आधी मलईसारखं आणि मग कडक खोबरं होतं. म्हणजे एका नारळात एकाच पुष्काची दोन रूपं. खोबऱ्याच्या पाठीला चिकटलेली तपकिरी पाठ हे बीजावरण. कवटी आणि सोडण हे फळाचे भाग, बीचे नव्हेत.

रोपासाठी ठेवलेला नारळ फोडला तर आत जो पिवळट, गोड, स्पंजासारखा गोळा निघतो तो दलिकेचं टोक फुगून झालेला असतो. ही दलिका जन्मात बाहेर येत नाही. आत राहून खोबरं विरघळवते आणि कोंबाकडे पाठवते. म्हणूनच नारळाच्या रोपाचा नारळ लवकर तोडू नये.

बियाण्यासाठी ११-१२ महिन्यांचे, पूर्ण पिकलेले नारळ घ्यावेत. हलवल्यावर पाणी वाजलं पाहिजे. वाफ्यात लावल्यावर सहा महिन्यांत जे कोंब काढत नाहीत ते उपटून टाकावेत. उशिरा उगवलेलं रोप पुढेही मागेच राहतं, त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

आता सुपारी. अडकित्त्यानं दोन फाका करा आणि कापाकडे बघा. पांढऱ्यावर तपकिरी नक्षी. पांढरा भाग पुष्क. तपकिरी रेघा म्हणजे आतल्या सालाच्या घड्या, पुष्क वाढत असताना त्यात घुसलेल्या. सुपारीचा तुरटपणा मुख्यतः त्या तपकिरी भागाचा. अशीच नक्षी जायफळात असते, आणि सीताफळाच्या बीत तर कंगव्याच्या दात्यांसारखी. (सीताफळाच्या बिया घरी कुटू नका. त्यांची पूड डोळ्यांत गेली तर फार त्रास होतो.) जायफळावरची जायपत्री मात्र निराळी, ती बीच्या देठाकडून वर चढत आलेली वाढ आहे.

फोडणी

मग फणसाचा गरा पण जायपत्रीसारखाच का? आठळीभोवती तसाच गुंडाळलेला असतो.

माडाखाली

दिसतो तसा, पण नाही. फणस हा शेकडो फुलांचा जुडगा. गरा म्हणजे त्यातल्या एका फुलाच्या पाकळीसदृश दलांचा मांसल झालेला भाग. खरं फळ त्याच्या आत. आठळीवरचं पांढरं, चिवट, सुकलं की सुटणारं कातडं फळभिंतीचं. त्याखालची तपकिरी पातळ साल, जी उकडल्यावरही चिकटून राहते, ती बीजावरण. आणि जे खातो त्या दोन दलिका, पुष्कळदा एक मोठी एक छोटी. ज्या फुलांना फलन झालं नाही त्यांच्या पाती होतात, ज्या साफ करताना जीव जातो.

डाळिंब आणखी गंमतीचं. दाण्यातला रस भरलेला भाग बीजावरणाचा बाहेरचा थर आहे. आतला कडक थर दाताखाली येतो तो. गणेशखिंडीत निवडलेल्या ‘गणेश’ वाणाचं कौतुक झालं ते हा आतला थर मऊ होता म्हणून.

पानफुटी

दलिका आणि पुष्क सोडून साठा ठेवायची तिसरी जागाही सांगून टाकते. बीजांडाच्या मधला आईचा गाभा, ज्याला प्रदेह म्हणतात, तो बहुतेक बियांत चेपून संपतो. काहींत तोच फुगून कोठार होतो, त्याला परिपुष्क म्हणायचं. काळी मिरी, राजगिरा, मखाणा ही त्याची उदाहरणं. राजगिरा शिजवल्यावर दाण्यातून पांढरी कडी सुटल्यासारखी दिसते, तो गर्भ. स्टार्चच्या गोळ्याभोवती वळसा घालून बसलेला. राजगिऱ्याची लाही आणि बिहारमधल्या मिथिलेचा मखाणा, दोन्हींत फुलतो तो परिपुष्काचा स्टार्च, म्हणजे निव्वळ आईचा. मक्याच्या लाहीत फुलतो तो पुष्क.

तांदूळही बघून घ्या. सडलेल्या तांदळाच्या एका टोकाला तिरकी खाच असते. तिथे गर्भ होता. सडताना तो गेला, फळभिंत गेली, बीजावरण गेलं, प्रथिनांचा थर गेला, हे सगळं कोंड्यात. पांढरा तांदूळ म्हणजे फक्त पुष्काचा आतला भाग.

भिंग

‘पुष्क म्हणजे तीन संच’ यालाही अपवाद आहेत. नेहमीच्या भ्रूणकोशात सात पेशी, आठ केंद्रकं असतात. बीजरंध्राकडे एक अंडपेशी आणि दोन सहायक, समोरच्या टोकाला तीन, आणि मधल्या मोठ्या पेशीत दोन केंद्रकं. कमोदिनीच्या कुळातल्या काही वनस्पतींत भ्रूणकोश चारच केंद्रकांचा असतो, मधल्या पेशीत एकच, त्यामुळे पुष्क दोनच संचांचा.

बापाचा तो एक संच डोळ्यांनी बघायचा असेल तर मका. पांढऱ्या मक्याच्या कणसावर पिवळ्या मक्याचा पराग पडला तर त्याच हंगामात, त्याच कणसात पिवळे दाणे भरतात. रंग पुष्कात असतो आणि पुष्कात बापाचा वाटा असतो म्हणून. गोड मका लावणाऱ्यांना हे महागात पडतं. शेजारी साधा मका असेल तर दाणे पिठूळ निघतात. अंतर ठेवणं जमत नसेल तर पेरणीत दोन-तीन आठवड्यांचा फरक ठेवा, म्हणजे तुरे आणि स्त्रीकेसर एकाच वेळी येणार नाहीत. आंब्यात असं कधी होत नाही. गर फळाचा, म्हणजे पूर्ण आईचा. शेजारी रायवळ असलं म्हणून हापूसची चव बिघडत नाही, बिघडलीच तर कोयीतली पुढची पिढी.

वाफसा

चांगला धागा. आता शेताकडे आणि थोडं कुकरकडे.

मटकीतले गणंग. गणंग या एका शब्दात दोन वेगळे दोष आहेत आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत.

पहिला गणंग भिजतच नाही. रात्रभर पाण्यात ठेवून तसाच बारीक, कडक, खड्यासारखा वाजतो. त्याचं कारण सालात. बीजावरणात उभ्या, खांबासारख्या पेशींची दाट रांग असते. दाणा फार वाळला की ती पाणी अडवते. नाभीला बारीक चीर असते, ती कोरड्या हवेत उघडते आणि दमट हवेत मिटते. म्हणजे ओलावा बाहेर जातो, आत येत नाही, आणि दाणा दिवसेंदिवस कोरडाच होत जातो. रानात हे बीच्या फायद्याचं, पहिल्याच वळवाला सगळ्या बिया उगवून मरत नाहीत. यावर सोडा टाकून काही होत नाही, पाणीच आत जात नाही तर सोडा कुठून जाणार. भिजवल्यावर वेचून काढा.

दुसरा गणंग नीट भिजतो, फुगतो, पण शिजत नाही. हा दोष दलिकांतला. उष्ण, दमट जागी महिनोन्महिने साठवलेल्या कडधान्यात पेशींना जोडणारं पेक्टिन कॅल्शियम-मॅग्नेशियमनं घट्ट बांधलं जातं. बोअरच्या जड पाण्यानं ते आणखी वाढतं. इथे चिमूटभर सोडा किंवा भिजवताना मीठ उपयोगी पडतं.

पहिल्या प्रकाराच्या बिया पेरायच्या असतील तर सालाला वाट करून द्यायची. सुबाभळीला ८० अंशांच्या पाण्यात तीन-चार मिनिटं, मग लगेच गार पाणी. हाच उपाय कडधान्यावर करू नका, शिजेल. मोजक्या बिया असतील तर पॉलिशपेपरवर घासा किंवा नेलकटरनं टवका काढा, पण नाभीच्या विरुद्ध बाजूनं. नाभीशेजारी आदिमूळ आहे, ते कापलं तर संपलं.

सोयाबीन याच्या बरोबर उलट. साल अतिशय पातळ आणि आदिमूळ त्याच्या लगेच खाली, कसल्याच आडोशाशिवाय. दाण्यांत सर्वात नाजूक म्हटलं तरी चालेल. त्यामुळे घरचं बियाणं राखायचं असेल तर मळणीपासून सांभाळावं लागतं. दाण्यात १३-१४ टक्के ओल असताना मळणी करावी आणि थ्रेशरचे फेरे मिनिटाला ३५०-४०० च्या वर जाऊ देऊ नयेत. पोती उंचावरून आपटली तर बाहेरून काही दिसत नाही, आत आदिमूळ दुखावलेलं असतं. पटकन तपासायचं असेल तर शंभर दाणे साध्या पाण्यात दहा मिनिटं टाका. साल तडकलेले दाणे एवढ्यातच फुगून सुरकुततात. ते मोजा.

खरी उगवण तपासायला शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडा, वर दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत ठेवा. पाणी थेंब-थेंब गळेल इतकं नको, पिळल्यासारखं ओलं हवं. पाचव्या दिवशी एकदा, आठव्या दिवशी दुसऱ्यांदा मोजा. मोजताना फक्त निरोगी रोपं धरा. आदिमूळ खुंटलेलं, दलिका अर्ध्या कुजलेल्या, ते ‘उगवले’ म्हणून मोजण्यातच फसगत होते. ७० किंवा वर आले तर एकरी ३० किलो. कमी आले तर ७० ला आलेल्या आकड्यानं भागून ३० नं गुणा. ६३ आले तर साधारण ३३ किलो. ६० च्या खाली असेल तर ते बियाणं तेलाला द्यावं, पेरू नये.

सोयाबीन भिजवून पेरू नका, हे दरवर्षी सांगावं लागतं. कोरड्या दाण्यात पाणी एकदम घुसलं की पेशींची आवरणं सावरायच्या आधीच फाटतात, दलिकांना आडव्या चिरा पडतात आणि आतला साठा पाझरून बुरशीला जेवण मिळतं. जीवाणूसंवर्धक (उपयोगी जीवाणूंचं खत) लावतानाही चोळायचं नाही, वरखाली हलवून सावलीत सुकवायचं. बुरशीनाशक आधी, संवर्धक नंतर.

फोडणी

खोलीचं पण सांगा ना. हरभरा खोल पेरतात आणि सोयाबीन वरवर, असं का?

वाफसा

दलिका कुठे राहतात त्यावर आहे. सोयाबीन, मूग, चवळी, घेवडा यांत आदिमुळाच्या वरचा दांडा लांबतो आणि आकड्यासारखा वाकून दोन्ही दलिका मातीबाहेर ओढून काढतो. एवढं ओझं घेऊन वर यायचं तर माती पातळ हवी. म्हणून ३ ते ४ सेंटिमीटर. पेरल्यावर जोराचा पाऊस होऊन पापडी धरली तर मान मोडते. हरभरा, तूर, वाटाणा, मसूर यांत दलिकांच्या वरचा दांडा लांबतो, दलिका जमिनीतच राहतात, बारीक कोंब तेवढा वर येतो. म्हणून हरभरा ५ सेंटिमीटरच्या खालीही सहज चालतो, ओल तिथेच असते. आणखी एक फायदा. हरभऱ्याचा कोंब वरून खुडला गेला तरी खालून दुसरा फुटतो. सोयाबीनची मान दलिकांच्या खाली तुटली की रोप संपलं.

फोडणी

शेवटचे दोन प्रश्न. बिनबियांच्या द्राक्षात फलन होतच नाही का? आणि आंब्याच्या एका कोयीतून कधीकधी तीन-चार रोपं येतात, ती जुळी म्हणायची का?

भिंग

थॉम्पसन, सोनाका, तास-ए-गणेश यांत फलन होतं. गर्भ आणि पुष्क काही आठवडे वाढतात आणि मग बंद पडतात. मणी उभा कापून भिंगातून बघा, एक-दोन मऊ पांढुरके अवशेष सापडतील. चांगली बी वाढताना जी संप्रेरकं सोडते त्यावर मण्याचा आकार ठरतो. ती कमी पडतात, म्हणून बागायतदार मणी ३-४ मिलिमीटर आणि पुन्हा ७-८ मिलिमीटर असताना घड जीएच्या (जिबरेलिक आम्ल या संप्रेरकाच्या) पाण्यात बुडवतात. फलन अजिबात न होता धरणारं फळ म्हणजे केळ. बिनबियांच्या कलिंगडाची तिसरीच तऱ्हा: चार संचांची आई, दोन संचांचा बाप, त्यामुळे बी तीन संचांची आणि तिच्या झाडाला धड युग्मकंच तयार करता येत नाहीत. आत दिसतात ती पांढरी मऊ टरफलं, रिकामी सालं. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रातून आलेल्या ‘सिंधू’ आंब्याची कोय पातळ असते तीही आतला गर्भ नीट न वाढल्यामुळे.

पानफुटी

कोयीतली रोपं बहुतेक वेळा जुळी नसतात. प्रदेहाच्या पेशींतून, म्हणजे आईच्याच शरीरातून, फलनाशिवाय जादा गर्भ फुटतात आणि खऱ्या गर्भाशेजारी वाढतात. ती रोपं आईची हुबेहूब नक्कल. केरळ-गोव्याकडच्या वेलाइकोलंबनसारख्या जातींत हे नेहमीचं, हापूसमधे नाही. म्हणून हापूसच्या कोयीतून हापूस मिळेल याची खात्री नसते, कलमच करावं लागतं. संत्र्याला खुंट म्हणून जंबेरी वापरतात त्यातही बहुतेक रोपं अशीच आईची नक्कल, म्हणून एकसारखी. रोपवाटिकेत जी फार बुटकी, फार उंच किंवा वेगळ्या पानाची दिसतात ती फलनातून आलेली समजून काढून टाकायची.

कोय कलमाचं सगळं गणित दलिकांवर आहे. कोय उगवून आठ ते पंधरा दिवस झालेले असतात, देठ अजून तांबूस आणि कोवळा, आणि दलिकांत साठा शिल्लक. त्यावर कोयीपासून पाच-सात सेंटिमीटरवर आडवा काप, मधे चार सेंटिमीटरची उभी चीर, त्यात तीन-चार महिन्यांच्या फांदीची पाचरीसारखी कापलेली काडी. काडीची पानं आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून छाटलेली असावीत, म्हणजे डोळा फुगलेला मिळतो. प्लॅस्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधायचं. जुलै-ऑगस्टमधे कोकणातल्या दमट हवेत छान जमतं. वीस-पंचवीस दिवसांची, हिरवी झालेली रोपं घेतली की बांधणी कितीही सुबक असली तरी फसतात. आणि कलम सांधतंय तोवर उंदरानं कोय पळवली की काडी वाळलीच.

माडाखाली

कोयी जमवताना एक लक्षात ठेवा, त्या वाळवून डब्यात ठेवायच्या नसतात. भात, कांदा, हरभरा यांच्या बिया पक्व होताना आपणहून कोरड्या होतात आणि तशा टिकतात. त्यांना ओल एक टक्क्यानं कमी केली की आयुष्य साधारण दुप्पट, हा नियम लागू. आंबा, फणस, जांभूळ, नारळ यांच्या बिया वाळल्या की मेल्या. आंब्याची कोय खाल्ल्यावर धुऊन, सावलीत फक्त वरचं पाणी सुकवून, तीन-चार आठवड्यांच्या आत मातीत गेली पाहिजे. आठळ्या कोकणात ओलसर मातीत किंवा राखेत पुरून ठेवतात त्या पावसाळ्यात भाजीला मिळाव्यात म्हणून. त्यातल्या मागे राहिलेल्यांना मोड आलेले दिसले तर ते लावायला चांगले. फ्रीजमधे ठेवलेल्या मात्र फक्त भाजीच्या.